लाईट गेली की कंट्रोल-सी

मे महिन्यात आमच्या गल्लीत संध्याकाळी वारं सुटलं की दोन आवाज ठरलेले. आधी समोरच्यांच्या पत्र्याचा, मग माझ्या यूपीएसचा. यूपीएस केकाटायला लागला की माझ्या हातात बारा-तेरा मिनिटं उरतात. घराला इन्व्हर्टर आहे, पण त्याच्यावर पंखे, एक ट्यूब आणि राउटर. माझं मशीन त्याला जोडू देत नाहीत. अण्णा म्हणतात, बॅटरी बसंल. अण्णा लाईनमन म्हणून रिटायर झालेत, त्यामुळे विजेच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा.

तर लाईट गेली की पहिलं काम, चालू असलेला रन, म्हणजे माझ्या प्रोग्रामची फेरी, थांबवायचा. टर्मिनलवर जाऊन कंट्रोल-सी दाबायचं, प्रोग्रामनं आवरतं घ्यायचं, मग मशीन बंद. यातलं 'आवरतं घ्यायचं' हेच गेले सहा महिने भरवशाचं नव्हतं. कधी नीट थांबायचा. कधी 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीत नको तिथं हात घातला) म्हणून आडवा व्हायचा. आणि कधी थांबायचाही नाही, पडायचाही नाही, नुसता बसून राहायचा. परत कंट्रोल-सी दाबलं तरी ढिम्म.

मी लातूरहून काम करते, कंपनी पुण्याची. काम भूजलाच्या मॉडेलचं. पाऊस किती पडला, उपसा किती झाला, बेसॉल्टच्या भेगांतून खाली किती मुरलं आणि त्यावरून विहिरीची पातळी कुठं गेली, असा रोजचा हिशोब. १९९१ ते २०२० अशी तीस वर्षं, म्हणजे १०,९५८ दिवस. एका दिवसाला साधारण ०.४ सेकंद, म्हणजे पूर्ण रनला सव्वा तासाच्या आसपास. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या महिन्याच्या आकड्यांशी मॉडेल जुळतंय का हे मी प्रत्येक रनला आधी बघायचे. पण त्याच्या आधी रन संपायला हवा ना.

प्रोग्राम दोन भाषांत आहे. वरचा भाग पायथनमध्ये: फायली वाचणं, गावांची यादी, उपशाचं वेळापत्रक. खालचं गणित सी++ मधल्या जुन्या लायब्ररीत. मधला पूल सीटाइप्सचा, म्हणजे पायथनमधून अशी लायब्ररी बोलवायच्या सोयीचा. पायथन लायब्ररीला म्हणतो, 'कर सुरू', आणि लायब्ररी प्रत्येक दिवशी उलट पायथनला विचारते, 'आज उपसा किती?' हा उलटा फोन म्हणजे कॉलबॅक. पूल दोन्ही बाजूंनी वाहता आहे, हे लक्षात ठेवा. सगळी गोम तिथंच निघाली.

सुरुवातीला मी चुकीच्या जागी खणत बसले. कोअर डंप (पडतानाच्या मेमरीची नक्कल) घेतला, जीडीबी नावाच्या डीबगरमध्ये उघडला, तर प्रोग्राम पडलाय कुठं? मॅलॉकच्या, म्हणजे मेमरी देणाऱ्या फंक्शनच्या आत, आणि मॅलॉकला बोलावणारा कोण, तर पायथनची एक साधी स्ट्रिंग बनवणारी ओळ. गरीब बिचारी ओळ. तिचा काही दोष नव्हता, पण मी आठवडाभर तिलाच धरून बसले. पायथनची आवृत्ती बदलली, लायब्ररी नव्यानं कंपाईल केली, रॅमवर संशय घेऊन रात्रभर मेमरी टेस्ट चालवली. हीपचं (मॅलॉक जिथून मेमरी देतो त्या साठ्याचं) नुकसान एकीकडे होतं आणि प्रोग्राम पडतो दुसरीकडे. अंगणातला नळ रात्री उघडा राहतो आणि सकाळी टाकी रिकामी दिसते, तसं. टाकीला भोक शोधून काय होणार?

मग जीडीबीखाली चालवून स्वतः कंट्रोल-सी दाबायचं ठरवलं, तर ते जीडीबीच गिळून टाकतो. त्याच्या दृष्टीनं कंट्रोल-सी म्हणजे 'मला थांबून बघायचंय', प्रोग्रामपर्यंत काही पोचतच नाही. त्याला आधी सांगावं लागतं की सिगइंट (कंट्रोल-सीनं जाणारा सिग्नल) आला तर तू थांबू नको, पुढे जाऊ दे: हँडल सिगइंट नोस्टॉप पास. हे माहीत नसेल तर माणूस खुशाल म्हणतो, 'जीडीबीखाली बग येतच नाही हो.' मी म्हटलं आहे, दोन वेळा, मीटिंगमध्ये.

पाच-सहा दाबण्यांत एकदा येणारा बग हातानं पकडणं म्हणजे चेष्टा. तेव्हा ठरवलं की मशीनकडूनच शंभर वेळा दाबून घ्यावं. मॉडेल साठ दिवसांवर आणलं, म्हणजे चोवीस सेकंदांचा रन, आणि छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली: प्रोग्राम मागे सोड, मनाला येईल तितके सेकंद थांब, किल -इंट कर (तोच सिग्नल बाहेरून पाठव), निकाल लिही. रात्री लावून झोपले. सकाळी बघते तर शंभरातले शंभर रन शेवटपर्यंत पूर्ण. पडणं तर सोडाच, एकही थांबला नव्हता.

हा धडा मला कुणी फुकट दिला असता तर बरं झालं असतं. शेल स्क्रिप्टमध्ये अँपरसँड लावून मागे सोडलेल्या प्रोसेसला शेल सिगइंटकडे दुर्लक्ष करायला सांगूनच पाठवतो. पायथनही शहाणा, सुरू होताना बघतो की हा सिग्नल आधीच दुर्लक्षित आहे, मग स्वतःचा हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लावत नाही. आणि आमच्या जुन्या लायब्ररीतही तीच जुनी शिस्त पाळलेली होती. म्हणजे शंभर वेळा दार वाजवलं आणि आतले सगळे कानात बोळे घालून.

स्क्रिप्ट पायथनच्या सबप्रोसेसनं परत लिहिली. या वेळी दोनशे रन. १४१ नीट थांबले, २१ पडले (निकालात वजा ११ नाहीतर वजा ६, म्हणजे सेगफॉल्ट किंवा ॲबॉर्ट, शेलमध्ये हेच १३९ आणि १३४ दिसतं), आणि ३८ लटकले.

या ३८ नं मला खरं घर दाखवलं. एका दिवसाच्या ०.४ सेकंदात कॉलबॅकला किती वेळ जातो हे मी आधी कधीतरी मोजलं होतं: ०.०७५ च्या आसपास. म्हणजे एकूण वेळेच्या १९ टक्के. आणि दोनशेपैकी ३८ म्हणजे किती? तेवढेच. वहीत भागाकार केला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी मोठ्यानं 'आई गं' म्हणाले. अण्णा आतून ओरडले, "काय झालं गं? शॉक बसला का?"

लटकलेल्या एका प्रोसेसला जीडीबी जोडला. थ्रेडची (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांची) यादी काढली: थ्रेड एकच. आणि तो करतोय काय, तर टेक_गिल नावाच्या फंक्शनमध्ये वाट बघत बसलाय. गिल म्हणजे पायथनचं एकमेव मोठं कुलूप. ते ज्याच्या हातात, त्यानंच पायथनचा कोड चालवायचा. आता प्रोसेसमध्ये माणूस एकच आणि तो कुलूप सोडा म्हणून रांगेत उभा. कुलूप अडवलंय कोणी मग?

मग /प्रॉक मधली त्या प्रोसेसची स्टेटस फायल उघडली. सिगब्लॉक नावाच्या ओळीत पंधरा शून्यं आणि शेवटी २. सिग्नल क्रमांक २ म्हणजे सिगइंट, आणि तो अडवलेला. म्हणून दुसऱ्यांदा कंट्रोल-सी दाबलं की ढिम्म. पण अडवायला सांगितलं कुणी? आमच्या कोडमध्ये सिग्नल ब्लॉक करणारी एकही ओळ नाही, मी ग्रेप करकरून बघितलं.

शेवटी एसट्रेस लावला (प्रोग्राम कर्नलशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी, काय बोलतो ते दाखवणारं साधन), फक्त आरटी_सिगॲक्शन या हँडलर लावायच्या कॉलवर. आधी पायथन सुरू होताना स्वतःचा सिगइंट हँडलर लावतो ती ओळ दिसली. मग बराच वेळ काही नाही. मग लायब्ररीत शिरल्याबरोबर त्याच सिग्नलवर दुसरा हँडलर, पत्ता वेगळा. पायथनला विचारलं की सिगइंटवर कोण बसलंय, तर तो छातीठोकपणे सांगतो, माझाच माणूस आहे. त्याची वही वेगळी, कर्नलची वही वेगळी. प्रोसेस एक, त्यामुळे एका सिग्नलला एका वेळी एकच हँडलर, जो शेवटी लावेल त्याचा. भाषा किती का असेनात.

त्या पत्त्यावरून लायब्ररीतली फायल सापडली. हँडलरमध्ये एकच ओळ: लाँगजंप. वर कॉमेंट, 'मेनूवर परत'.

इथं थोडं थांबून त्या लिहिणाऱ्याची बाजू मांडते. हा कोड मुळात लायब्ररी नव्हताच. एकट्यानं चालणारा सी मधला प्रोग्राम होता, काळ्या पडद्यावर मेनू यायचा, एक दाबा, दोन दाबा. रन कंटाळवाणा झाला की कंट्रोल-सी, आणि लाँगजंपनं थेट मेनूवर उडी. त्या काळात, त्या प्रोग्रामला, हे शोभून दिसत होतं. पुढं कुणीतरी त्यावर सी++ चे व्हेक्टर आणि फाइलस्ट्रीम चढवले, त्याच्या पुढं कुणीतरी (तो मुलगा आता कंपनीत नाही) मेनू काढून पायथनचा पूल जोडला. माहेरची सवय सासरी आली, आणि सासर एक नाही, दोन.

लाँगजंप करतं काय? मधलं सगळं सोडून उडी मारतं. सी++ मध्ये फंक्शनमधून बाहेर पडताना डिस्ट्रक्टर चालतात, फायल बंद होते, मेमरी परत जाते. उडीत ते काहीच होत नाही. सिग्नल आला तेव्हा मॅलॉक हीपची जुळवाजुळव करत असेल तर ती अर्धवटच राहते, आणि पुढचा जो कुणी मॅलॉककडे जाईल तो पडतो. तो आमचा स्ट्रिंगवाला गरीब. हे २१ चं उत्तर. १४१ 'नीट' थांबलेल्यांच्या फायली मग उघडून बघितल्या, तर बहुतेकींत शेवटची ओळ मधेच तुटलेली: तारीख आहे, विहीर क्रमांक आहे, पातळीच्या जागी उणे चौदा, टिंब, आणि पुढे काही नाही. बफरातलं, म्हणजे फायलीत जायचं राहिलेलं, तसंच मेलं. म्हणजे तेही नीट नव्हतेच, मीच खूष होते.

सिगब्लॉकचं कोडंही इथंच सुटलं. हँडलर चालू असेपर्यंत कर्नल तो सिग्नल अडवून धरतो आणि हँडलर परतला की सोडतो. उडी मारून गेलेला हँडलर परततच नाही. लिनक्सवर साध्या सेटजंप-लाँगजंपमध्ये सिग्नलचा मास्क (कोणते सिग्नल अडवलेत याची नोंद) जपला जात नाही, त्यासाठी सिगसेटजंप आणि सिगलाँगजंप ही वेगळी जोडी आहे. ती वापरली असती तर दुसरं कंट्रोल-सी चाललं असतं, बाकीचा गोंधळ होता तिथंच राहिला असता.

राहिले ३८. ते मी दुसऱ्या दिवशी अण्णांना समजावून सांगितले, कारण रात्रभर काय करू लालीस हा प्रश्न चहाबरोबर आलाच. सीटाइप्स लायब्ररीला बोलावताना कुलूप सोडून देतो. लायब्ररी कॉलबॅक करते तेव्हा कुलूप परत घ्यावं लागतं, काम झालं की सोडायचं. नेमकं कॉलबॅकच्या मधे कंट्रोल-सी आलं तर उडी बसते थेट लायब्ररीच्या दारात, कुलूप हातात घेऊनच. लायब्ररी पायथनकडे परतते. पायथन म्हणतो, चला, आता कुलूप घेऊ. आणि उभा राहतो.

अण्णा बशीतला चहा संपवून म्हणाले, "म्हंजे परमिट खिशात घेऊन घरी गेला."

लाईनवर चढायचं तर सबस्टेशनमधून परमिट घ्यावं लागतं, रजिस्टरला नोंद होते, लाईन बंद होते. काम झालं की ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं, तोवर लाईन चार्ज करायची नाही. अण्णांच्या एका जोडीदारानं एकदा काम उरकलं आणि परमिट खिशात तसंच ठेवून आठवडी बाजार गाठला. चार गावं अंधारात. ऑपरेटर म्हणे, मला कागद पाहिजे. बाजारात भाजीच्या पालापाशी त्याला धरून आणला. "अन् तुझ्या पोग्रामात तर तोच माणूस," अण्णा म्हणाले, "खिडकीपाशी उभं राहून इचारू लालाय, परमिट कुठंय म्हणून. अन् ते त्याच्याच खिशात." मी तीन परिच्छेदांचा ईमेल लिहून टीमला जे सांगायचा प्रयत्न केला होता, ते याच्यापेक्षा वाईट होतं. पायथन ३.१० वर असा लटकतो. नव्या आवृत्त्यांत हीच चूक लटकण्याऐवजी 'फेटल पायथन एरर' म्हणून ओरडू शकते, ते एका अर्थी बरंच.

हा फक्त आमच्याच घरचा तमाशा नाही. विंडोजवर सायपाय (पायथनची गणिताची लायब्ररी) वापरणाऱ्या कित्येकांनी 'फॉरटीआरएल एरर २००, कंट्रोल-सीमुळे प्रोग्राम बंद करत आहे' ही ओळ बघितली असेल. तिथं इंटेलच्या फोर्ट्रानचा रनटाइम मधे पडून सगळाच गाशा गुंडाळतो, पायथनला कीबोर्डइंटरप्ट, म्हणजे कंट्रोल-सीवर तो स्वतः उठवतो ते एक्सेप्शन, हाताळायची संधीच मिळत नाही. आर भाषेत तर चूक झाली की आतून लाँगजंपच होतो, म्हणून तिला सी++ जोडताना वेगळी काळजी घ्यावी लागते.

दुरुस्ती करताना मी अजून एकदा आपटले. लायब्ररीतला हँडलर काढून टाकला आणि वाटलं, आता पायथनचा आपला आपण बघेल. पायथनचा मूळ हँडलर सभ्य आहे: सिग्नल आला की फक्त एक खूण करून ठेवतो, आणि मुख्य थ्रेडवर पायथनचा कोड चालू असताना दोन सूचनांच्या मधे ती खूण बघून कीबोर्डइंटरप्ट उठवतो. सी++ मध्ये गणित चालू असेल तर पायथन चालतच नाही, म्हणजे पुढच्या कॉलबॅकपर्यंत थांबणं आलं. अर्धा सेकंद, चालेल. पण एक्सेप्शन उठलं ते कॉलबॅकच्या आत, आणि सीटाइप्स कॉलबॅकमधलं एक्सेप्शन पलीकडे नेत नाही. पडद्यावर 'दुर्लक्ष केलं' अशी एक ओळ छापली आणि रन पुढे चालू! वर त्या दिवसाचा उपसा शून्य धरला गेला. पडणारा प्रोग्राम परवडला. भर उन्हाळ्यात एक दिवस सगळ्या मोटारी बंद, असा खोटा आकडा गुपचूप फायलीत बसतो, तो कोण शोधणार?

शेवटी जे केलं ते अगदी साधं आहे. सी++ मध्ये सिग्नलचं नाव नाही. पायथनमध्ये माझा हँडलर, तो फक्त 'थांबायचंय' ही एक खूण खरी करतो, एक्सेप्शन उठवत नाही. कॉलबॅक आता दोन गोष्टी देतो: उपशाचा आकडा पॉइंटरमधून, आणि परत येताना शून्य किंवा एक. एक आला की लायब्ररी त्या दिवसाचं गणित पुरं करते, ओळ लिहिते, फायल बंद करते आणि साध्या रिटर्ननं बाहेर येते. पूल सुखरूप ओलांडून पायथनमध्ये आलं की मग मी स्वतः कीबोर्डइंटरप्ट उठवते. कॉलबॅक नसता तर वेगळं काही करावं लागलं असतं, हँडलरमध्ये व्होलाटाइल सिग_ॲटॉमिक_टी ची खूण आणि गणिताच्या लूपमध्ये ती तपासणं. हँडलरमध्ये याहून जास्त काही करायचं नसतं, प्रिंटएफसुद्धा नाही.

परत दोनशे रन. दोनशेच्या दोनशे रनचा निकाल 'वजा २', म्हणजे सिगइंटनं थांबले. शेवटच्या ओळीही तपासल्या, या वेळी स्क्रिप्टनं.

पुण्याहून रिव्ह्यूत प्रश्न आला: थांबायला अर्धा सेकंद लागतो, आणि एवढं करण्यापेक्षा किल -९ करून (आवरायची संधी न देता मारून) परत पहिल्यापासून का चालवत नाही? मी उत्तरात आमच्याकडची मेमधली लाईट जाण्याची वेळापत्रकं टाकणार होते, पण वेळापत्रक असतं तर प्रश्नच नव्हता. 'रन आता तुटलेल्या दिवसापासून पुढे चालवता येतो' एवढंच लिहिलं. बदल मुख्य कोडमध्ये मर्ज झाला.

परवा साडेसातला वारं सुटलं. पत्रा वाजला, यूपीएस केकाटला. कंट्रोल-सी दाबलं, प्रॉम्प्ट आला. फायलीची शेवटची ओळ १७ ऑगस्ट २००४ ची होती, सगळे रकाने भरलेले. मशीन बंद केलं, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकत बसलेल्या अण्णांना मोबाईलचा टॉर्च धरला. "हलवू नको गं," ते म्हणाले, "अजून दोन सेल राहिलेत."